कळ दाबा, पण कळ सोसू नका

‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ असे आपल्याकडे म्हणतात. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात तर ते अक्षरशः खरे आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी हाताच्या कष्टावर उल्हासनगर उभे केले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, औद्योगिक वसाहतीतील कारखाने, कॅम्पातील जीन्सची शिलाई, सारे काही हाताच्याच जिवावर चालत आले. त्यामुळे हाताचे दुखणे घेऊन दवाखान्यात येणारा रुग्ण पूर्वी बहुधा मशिनवरचा असे. अलीकडे त्यात एका नव्या वर्गाची भर पडली आहे. हा वर्ग दिवसभर खुर्चीत बसतो. वजन उचलत नाही, हातोडा मारत नाही. तरीही संध्याकाळी त्याचे मनगट ठणकते आणि रात्री बोटांना मुंग्या येऊन झोप मोडते.

या मंडळींत लग्नपत्रिका व हँडबिले जुळवणारे डीटीपी ऑपरेटर आहेत. कोर्ट-कचेरीबाहेर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाईप करून देणारे आहेत. बदलापूरहून रोज ऐरोली-महापेला जाणारी सॉफ्टवेअरमधली मुले-मुली आहेत. आणि घरची कामे उरकून पानामागे ठरावीक पैशांवर टायपिंग करणाऱ्या आमच्या भगिनीही आहेत. कामे वेगवेगळी असली तरी दुखणे एकाच जातीचे आहे. आजच्या लेखात त्याच्या एका दुर्लक्षित कारणाविषयी व साध्या उपायाविषयी सांगणार आहे.

दुखते कशाने?

‘टायपिंग फार होते, डॉक्टर’ हे या रुग्णांचे ठरलेले उत्तर. मी त्यांना माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटे नेहमीचे काम करून दाखवायला सांगतो. पाहावे तर टाईप करताना बोटे हलकी, सहज चालत असतात. खरी गंमत दुरुस्तीची वेळ आली की दिसते. एक परिच्छेद उचलून वर न्यायचा असतो. उजवा हात कीबोर्ड सोडून माऊसकडे जातो. डावे बटण दाबून धरले जाते. मग ते तसेच दाबलेले ठेवून चार-पाच ओळींवरून माऊस ओढला जातो. शेवटचा शब्द निसटतो किंवा पुढच्या ओळीतला एखादा शब्द जास्त येतो. पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या वेळात खांदा वर चढलेला असतो, मनगट मागे वाकलेले असते, बोट बटणावर आवळलेले असते आणि पुष्कळदा श्वाससुद्धा रोखलेला असतो!

दिवसातून असे किती वेळा होते, असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. मोजायला सुरुवात केली की आकडा पाहून स्वतःच चकित होतात. कारण आजचे कॉम्प्युटरवरचे काम म्हणजे नवा मजकूर लिहिणे थोडे आणि असलेला मजकूर निवडणे, कापणे, हलवणे, बदलणे जास्त.

हाताच्या आत काय घडते?

स्नायू आखडला आणि सैल झाला, आखडला आणि सैल झाला, असे चालू राहिले तर त्याला रक्तपुरवठा नीट होतो. चालताना पायाचे स्नायू असेच काम करतात, म्हणून माणूस तासभर चालू शकतो. पण एका जागी तासभर उभा राहिला तर पाय भरून येतात. बोटाचेही तसेच आहे. कळ दाबून लगेच सोडणे हे चालण्यासारखे आहे. बटण दाबून धरून अचूक नेम साधत ओढत राहणे हे एका पायावर उभे राहण्यासारखे आहे. स्नायू आवळलेलाच राहतो आणि थकतो.

त्यात मनगटाची रचना अडचणीची. तळहाताच्या मुळाशी हाडे आणि एक जाड पट्टा यांनी बनलेला अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, ज्यांना आम्ही टेंडन म्हणतो, आणि ‘मीडियन नर्व्ह’ नावाचा मज्जातंतू जातो. मनगट वाकडे राहिले किंवा या दोऱ्यांची वेष्टने सुजली की बोगद्यातला दाब वाढतो आणि मज्जातंतू चेपला जातो. यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी मात्र शाबूत राहते. रुग्ण रात्री जागा होऊन हात झटकतो, हे या आजाराचे खास लक्षण.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त माऊस वापरणाऱ्यांत या मज्जातंतूची लक्षणे अधिक आढळली. कीबोर्डच्या वापराशी तसा ठळक संबंध दिसला नाही. एकूण धोका फार मोठा नाही, असेही संशोधकांनी नमूद केले. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, पण आरोपी कोण हे कळले तर बंदोबस्त सोपा जातो.

तसे पाहिले तर हे दुखणे नवे नाही. कामगारांच्या आजारांचे जनक मानले गेलेले इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी लेखनिकांच्या आजाराची तीन कारणे सांगून ठेवली आहेत: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्यांच्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती १७१३ सालची! बोरू गेला, टाक गेला, टाईपरायटर गेला. ही तीन कारणे मात्र तशीच आहेत. टाईपरायटरची एक गोष्ट चांगली होती. ओळ संपली की दांडी सरकवायची, पान संपले की कागद बदलायचा. हाताला आपोआप विसावा मिळे. कॉम्प्युटरने तो विसावा काढून घेतला आणि वर माऊसची ओढाताण दिली.

ओढू नका, सांगा

उपाय असा की मजकूर माऊसने ओढून निवडण्याऐवजी कॉम्प्युटरला कळांनी ‘सांगून’ निवडावा. ज्यांनी तीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटर क्लासला ‘वर्डस्टार’ शिकले, त्यांना हे नवे वाटणार नाही. त्यात माऊस नव्हताच. कंट्रोल-के-बी दाबले की निवडीची सुरुवात, कंट्रोल-के-के दाबले की शेवट. मधला मजकूर मग हलवा, नक्कल करा वा पुसा. खुणा दोन टोकांना, मधे ओढणे नाही.

आजच्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्येही सोय आहे, फक्त फारसे कोणी सांगत नाही. कंट्रोल आणि शिफ्ट धरून उजवा बाण दाबला की एकेक शब्द निवडला जातो. शिफ्ट धरून एंड दाबले की ओळीच्या शेवटापर्यंत. कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण म्हणजे परिच्छेदाच्या शेवटापर्यंत. परिच्छेद वर-खाली न्यायचा असेल तर निवडण्याचीही गरज नाही. कर्सर त्यात ठेवून आल्ट व शिफ्टसह वरचा किंवा खालचा बाण दाबा, परिच्छेद आपला उठून चालू लागतो.

माझी आवडती कळ मात्र एफ-८. ती एकदा दाबून सोडली की निवड सुरू होते आणि बोट दाबून धरावे लागत नाही. दुसऱ्यांदा दाबली की शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद निवडला जातो. नको असेल तर एस्केप. लॅपटॉपवर कधी कधी सोबत एफ-एन ही कळ दाबावी लागते. दुखरा हात घेऊन काम करणे ज्यांना भाग आहे, त्यांनी ही एक कळ आजच शिकून घ्यावी.

माऊस सोडवतच नाही असे म्हणणाऱ्यांसाठीही मार्ग आहे. निवडीच्या सुरुवातीला एकदा क्लिक करा, शेवटी शिफ्ट धरून दुसऱ्यांदा क्लिक करा. मधला सारा मजकूर निवडला जातो. शब्दावर दोनदा क्लिक केले की शब्द, तीनदा केले की परिच्छेद. काम तेच, पण ओढणे टळले.

प्रोग्रामर मंडळींचे एडिटर

सॉफ्टवेअरमधल्या तरुण रुग्णांकडून मला ‘व्हिम’ नावाच्या एडिटरची ओळख झाली. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये ‘व्हीआय’ लिहिला. त्याच्या धर्तीवर ब्रॅम मोलेनार यांनी केलेला व्हिम १९९१ मध्ये बाहेर आला. मोलेनार २०२३ मध्ये निवर्तले, पण त्यांचा एडिटर जगभर चालू आहे. हे सॉफ्टवेअर त्यांनी फुकट दिले आणि वापरणाऱ्यांना एवढीच विनंती केली की जमल्यास युगांडातील अनाथ मुलांसाठी काही द्यावे.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर या एडिटरची रचना हाताला मानवणारी आहे. त्यात दोन मुख्य अवस्था असतात. लिहिण्याच्या अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटते. आज्ञेच्या अवस्थेत तीच कळ आज्ञा होते. व्ही दाबले की निवड सुरू, मोठा व्ही दाबला की अख्ख्या ओळींची निवड, कंट्रोल-व्ही म्हणजे उभ्या स्तंभाची निवड. दरपत्रकातला फक्त भावांचा स्तंभ उचलायचा असेल तर ही शेवटची युक्ती फार उपयोगी. निवडलेले डी ने कापायचे, वाय ने नक्कल करायचे, पी ने चिकटवायचे.

त्याहून गमतीचा भाग म्हणजे यात मराठी वाक्यासारखे व्याकरण आहे. डी-ए-पी अशा तीन कळा एकामागून एक दाबल्या की ‘हा परिच्छेद पुसून टाक’ असा अर्थ होतो. डी-आय-डब्ल्यू म्हणजे ‘एवढा शब्द काढ’. तेच काम पुन्हा करायचे तर नुसते टिंब दाबायचे. चुकले तर यू दाबून मागे जायचे. कुठेही काही दाबून धरणे नाही, नेम साधणे नाही, हात उचलून माऊसकडे नेणे नाही. रामाझिनींनी सांगितलेला मनाचा ताणसुद्धा हलका होतो, कारण निवड शब्दाच्या किंवा परिच्छेदाच्या कडेवर बरोबर थांबते. शेवटचे अक्षर निसटत नाही.

सर्वांनी व्हिम शिकावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. पत्रिका जुळवणाऱ्याला त्याची गरज नाही. पण ‘आधी सांगा काय करायचे, मग सांगा कशाला’ हे त्यातले तत्त्व कोणत्याही प्रोग्राममध्ये उपयोगी पडते.

करंगळीची तक्रार

कीबोर्ड म्हणजे रामबाण नव्हे. माऊसपासून सुटका झालेले काही जण करंगळी धरून येतात. ‘ईमॅक्स’ नावाचा दुसरा एक जुना आणि समर्थ एडिटर आहे. त्यात कंट्रोल-स्पेसने खूण करायची, कंट्रोल-डब्ल्यूने कापायचे, कंट्रोल-वायने परत आणायचे. प्रत्येक आज्ञेला कंट्रोल, आणि ती दाबायची डाव्या करंगळीने. हाताचे सर्वांत दुबळे बोट सर्वांत जास्त राबते. प्रोग्रामर लोकांत या दुखण्याला ‘ईमॅक्स पिंकी’ असे नावच पडले आहे.

यामागे थोडा इतिहास आहे. जुन्या कीबोर्डवर कंट्रोल ही कळ ए च्या शेजारी, करंगळीच्या सहज टप्प्यात होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमच्या नव्या कीबोर्डमध्ये तिथे कॅप्सलॉक आले आणि कंट्रोल खालच्या कोपऱ्यात गेली. व्हिमच्या एस्केपचेही असेच झाले. ज्या यंत्रावर मूळ व्हीआय लिहिला गेला त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती. म्हणून अनेक जण सेटिंग बदलून कॅप्सलॉकलाच कंट्रोल किंवा एस्केप करून टाकतात. मराठीत कॅपिटल अक्षरेच नाहीत, तेव्हा आपले काहीच बिघडत नाही!

ज्यांना दोन कळा एकत्र धरणे जमत नाही, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ ही सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सुरू करायची का, असे विचारले जाते. मग कंट्रोल दाबून सोडायची आणि नंतर दुसरी कळ दाबायची. पक्षाघातातून सावरणाऱ्या, एका हाताने काम करणाऱ्या रुग्णांनाही याचा मोठा आधार होतो. आणि एक जुना नियम: टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत त्याप्रमाणे, अक्षर ज्या हाताने दाबायचे त्याच्या विरुद्ध हाताने शिफ्ट वा कंट्रोल धरावी. एकाच हाताची बोटे फाकवून दोन्ही कळा दाबू नयेत.

मराठी मजकुराचे काय?

मराठीत काम करणाऱ्यांना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली, युनिकोडमध्ये बहुतेक ठिकाणी बाणाची कळ अख्खे जोडाक्षर ओलांडते, पण बॅकस्पेस शेवटची मात्रा तेवढी काढते, तर डिलीट पूर्ण अक्षर घेऊन जाते. ‘की’ ची फक्त वेलांटी बदलायची असेल तर अक्षर माऊसने निवडू नका. कर्सर अक्षराच्या पुढे ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. दुसरी, व्हिममध्ये मराठी कीबोर्ड चालू ठेवला तर आज्ञेची कळ दाबल्यावर मराठी अक्षर जाते आणि आज्ञा लागू होत नाही. त्यासाठी त्यात ‘कीमॅप’ ही सोय आहे. लिहिताना मराठी आणि आज्ञा देताना इंग्रजी कळा, असे आपोआप होते.

सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. त्यामुळे दोन्ही हातांना आलटून-पालटून काम मिळते. नव्याने मराठी टायपिंग शिकणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

एक उदाहरण सांगतो. प्रबंध टाईप करून देणाऱ्या एका भगिनी माझ्याकडे आल्या त्या हातातून कप निसटू लागला तेव्हा. बोटे वर्षभर बधिर होत होती. पण पानामागे पैसे. हात थांबला की पैसा थांबतो, म्हणून त्यांनी अंगावर काढले. तपासले तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला होता. शस्त्रक्रियेने मुंग्या गेल्या, रात्रीची झोप परत आली. अंगठ्याची पकड मात्र पूर्वीसारखी झाली नाही. मज्जातंतू फार काळ चेपलेला राहिला की स्नायू सुकतो आणि सुकलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असे नाही. वेळीच आले तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि कामाच्या सवयीत बदल एवढ्यावर पुष्कळांचे भागते.

म्हणून पुढील लक्षणे असतील तर आठवडाभराच्या आत दाखवावे: बधिरपणा सतत राहणे, रात्री मुंग्यांनी जाग येणे, शर्टाचे बटण लावणे किंवा किल्ली फिरवणे जड जाणे, अंगठ्याचा उंचवटा सपाट दिसणे. करंगळी बधिर होत असेल तर दोष बहुधा कोपरापाशी असतो. टेबलाच्या कडेवर कोपर टेकण्याची सवय तपासावी. मानेतून हातात कळ उतरत असेल तर मान तपासावी लागते. सकाळी दोन्ही हातांचे सांधे तासभर आखडत असतील तर तो संधिवात असू शकतो. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण वा घाम असेल तर कीबोर्डला दोष देत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गरोदरपण यांतही मनगटातला मज्जातंतू चेपला जातो. तेव्हा साखर व थायरॉईड तपासणे हा उपचाराचाच भाग आहे. ‘ताकदीची इंजेक्शने’ मागू नयेत. बी-१२ कमी असल्याचे तपासणीत दिसले तरच ती उपयोगी. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने घेणे तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना महागात पडते.

रोजचे पथ्य

कीबोर्ड कोपराच्या उंचीला असावा. मनगट सरळ रेषेत ठेवावे. टाईप करताना ते टेबलाच्या कडेवर टेकवू नये. माऊस वापरायचाच तर कीबोर्डला खेटून ठेवावा. अर्ध्या तासाने हात मांडीवर ठेवून मिनिटभर सैल सोडावेत, मुठी उघडझाप कराव्यात, लांब खिडकीबाहेर पाहावे. टाईपरायटरचा कागद बदलत होतो, असे समजावे!

आमच्या बदलापूरकरांसाठी खास सूचना. आठ तास काम करून थकलेला हात परतीच्या लोकलमध्ये सव्वा-दीड तास कडी धरून लटकतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलवर चालू असतो. हाताला विश्रांती कधी मिळणार? कडी दर स्टेशनला हात बदलून धरावी. मोबाईल निदान कल्याणपासून पुढे तरी खिशात ठेवावा.

सगळ्या कळा एका दिवसात पाठ करायला जाऊ नका. या आठवड्यात एफ-८ शिका, पुढच्या आठवड्यात आल्ट-शिफ्ट-बाण. सुरुवातीचे चार दिवस काम थोडे सावकाश होईल, पाचव्या दिवसापासून बोटांना सवय लागेल. घरात किंवा दुकानात जो कोणी दिवसभर कॉम्प्युटरवर बसतो, त्याला आज रात्री एवढेच विचारा: झोपेत हात झटकतोस का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला माऊस बाजूला ठेवायला सांगा आणि तपासणीला पाठवा.